बेलँचा १७६३चा 'इल द फ्रान्स': मॉरिशसचा जुना नकाशा ओळखावा, मोजावा आणि जपावा कसा

मॉरिशस बेट १७१५ पासून १८१० पर्यंत फ्रेंचांकडे होतं आणि तेव्हा त्याचं नाव होतं 'इल द फ्रान्स'. त्या काळातला या बेटाचा एक महत्त्वाचा छापील नकाशा म्हणजे १७६३ साली पॅरिसमध्ये निघालेला, झाक-निकोला बेलँ याच्या नावाचा नकाशा. लिलावांत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, घरातल्या भिंतीवर बेलँचं नाव असलेले बेटांचे नकाशे वारंवार भेटतात. त्यांत जहाजावर वापरायचा मोठा सागरी नकाशा असतो, वहीच्या पानाएवढा छोटा असतो, विसाव्या शतकात केलेली हुबेहूब प्रतही असते.

'बेलँ, १७६३' एवढं वाचून यातला कोणता आपल्या हातात आहे हे कळत नाही. कोपऱ्यात दिसणारं साल तांब्याचा पत्रा कोरल्याचं असतं. त्या पत्र्यावर शाई लावून हा कागद केव्हा दाबला, याचं उत्तर त्या सालात नाही. पॅरिसच्या नौदल कार्यालयात पत्रे जपून ठेवले जात आणि मागणीप्रमाणे पुढची अनेक वर्षं त्यांवरून प्रती काढल्या जात. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी कागद, मग पत्र्याच्या खुणा, मग अक्षरं आणि शिक्के, आणि सगळ्यात शेवटी भूगोल. बहुतेक लोक उलट्या क्रमानं जातात. बेटाचा आकार आणि सुंदर शीर्षकचौकट पाहून मत बनवतात, आणि मग कागद त्या मताला साजेसाच दिसू लागतो.

बेलँ आणि लाकाय

बेलँ १७०३ साली पॅरिसमध्ये जन्मला. फ्रेंच नौदलाचं नकाशे आणि रोजनिशा साठवणारं कार्यालय, 'देपो', १७२०मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तो तिथे लागला. १७४१मध्ये तो नौदलाचा जलसर्वेक्षण अभियंता झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीचा तो सदस्य होता आणि दीदरोच्या विश्वकोशासाठी त्यानं सागरी विषयांवर शेकडो नोंदी लिहिल्या. १७७२मध्ये व्हर्सायला त्याचा मृत्यू झाला. त्याचं काम मेजावरचं होतं. परतलेल्या जहाजांच्या रोजनिशा, कप्तानांची निरीक्षणं आणि जुने नकाशे समोर ठेवून त्यांतून एक विश्वासार्ह नकाशा रचायचा, हे त्याचं कौशल्य. बेटावर जाऊन मोजणी करणारी माणसं वेगळी होती.

इल द फ्रान्सच्या बाबतीत तो माणूस म्हणजे खगोलशास्त्रज्ञ निकोला-लुई द लाकाय. केप ऑफ गुड होपला दक्षिण गोलार्धातल्या ताऱ्यांची यादी आणि रेखावृत्ताच्या कंसाची मोजणी पूर्ण करून तो १७५३मध्ये या बेटावर आला आणि १७५४च्या सुरुवातीपर्यंत राहिला. त्यानं बेटाची त्रिकोणमितीय मोजणी केली. इथली शिखरं कमी उंचीची पण टोकदार आणि दुरून ओळखू येणारी आहेत. पूस ८१२ मीटर, पीटर बोथ ८२० मीटर, आणि सर्वांत उंच पितों द ला पतीत रिव्हिएर न्वार ८२८ मीटर. त्रिकोण जोडत जाण्यासाठी अशी शिखरं फार सोयीची. लाकाय १७६२मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी बेलँचा नकाशा निघाला. बेटाची बाह्यरेषा त्यात इतकी बरोबर का आहे, याचं कारण ही मोजणी. नकाशाची नोंद करताना बेलँबरोबर लाकायचं नाव लिहायलाच हवं. बहुतेक विक्रीयाद्यांत ते गाळलेलं असतं आणि तो त्याच्यावर अन्याय आहे.

तयारी

नकाशा फ्रेममधून बाहेर काढल्याशिवाय खात्रीचं काही सांगता येत नाही. काचेआडून कागदाचा पोत दिसत नाही आणि मागची बाजू तर मुळीच नाही. काढताना फ्रेम पालथी ठेवा, मागचे खिळे एकेक करून सोडवा, आणि नकाशा पुठ्ठ्याला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा. ओढून सोडवू नका. तो पुढे संवर्धकाच्या, म्हणजे जुन्या कागदांची दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाच्या, हाती द्या.

लागणारं सामान थोडकं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सपाट एलईडी लाइट-पॅड, एक साधी बॅटरी, ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी, पारदर्शक प्लॅस्टिकची लांब मोजपट्टी, मऊ पेन्सिल आणि मोबाइलचा कॅमेरा. शाईचं पेन त्या टेबलावर नको. सुती हातमोजेही नकोत. त्यांनी बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि फाटलेल्या कडेत धागा अडकतो. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करणं पुरेसं आहे. मोठा कागद उचलताना समोरासमोरचे दोन कोपरे धरा, म्हणजे मध्ये घडी पडत नाही.

कागद

नकाशा लाइट-पॅडवर ठेवा. १७६३च्या सुमाराचा फ्रेंच कागद हाती बनवलेला, चिंध्यांच्या लगद्याचा असतो. उजेडात त्यात दोन प्रकारच्या रेषा दिसतात. एक, जवळजवळच्या बारीक समांतर रेषा. दोन, त्यांना काटकोनात जाणाऱ्या, साधारण अडीच-तीन सेंटीमीटर अंतरावरच्या साखळी रेषा. लगदा ज्या तारेच्या साच्यावर उचलला जाई त्या तारांचा हा ठसा. साखळी रेषांमधली अंतरं पाच-सहा ठिकाणी मोजून लिहून ठेवा. खऱ्या हातकागदात त्यांत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतोच. सगळी अंतरं तंतोतंत सारखी आली तर यंत्रावर रेषा उमटवलेल्या नकली हातकागदाचा संशय घ्या.

रेषाच दिसत नसतील आणि कागद एकसंध असेल, तर तो विणलेल्या जाळीवरचा कागद आहे. तो इंग्लंडमध्ये १७५०च्या दशकात निघाला. फ्रान्समध्ये त्याचं उत्पादन १७७०च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. अशा कागदावरची '१७६३'ची प्रत त्या वर्षी छापलेली असणं शक्य नाही. ती नकली आहे असं मात्र लगेच म्हणू नका. जुन्याच पत्र्यावरून नंतर काढलेली खरी प्रत असू शकते, आणि तिची नोंद तशीच करायची.

जलचिन्ह शोधताना घाई नको. मोठ्या कागदात ते अर्ध्या भागाच्या मध्याजवळ असतं आणि कोरलेल्या रेषांखाली झाकलं जातं. मागच्या बाजूनं पाहिलं तर सहज सापडतं. त्यात '१७४२' हा आकडा दिसला तर गोंधळू नका. १७४२पासून फ्रान्समध्ये जलचिन्हात साल घालण्याची सक्ती झाली, आणि अनेक कागद-कारखान्यांनी तोच आकडा पुढे कित्येक वर्षं साच्यावर तसाच ठेवला. म्हणजे १७४२चं जलचिन्ह १७६३च्या नकाशाशी पूर्ण सुसंगत आहे. शेजारी ओव्हेर्न्य प्रांताचं नाव वाचता आलं तर उत्तमच, कारण पॅरिसच्या छापखान्यांना तिथला कागद मोठ्या प्रमाणावर जाई.

मग खोलीत अंधार करून अतिनील प्रकाश टाका. चिंध्यांचा जुना कागद फिका, पिवळसर किंवा मळकट दिसतो. लख्ख निळसर चमकला तर त्यात पांढरेपणा आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात १९५०च्या आसपास येऊ लागली. एवढ्यावर निकाल लागतो. फक्त एक खबरदारी घ्या. जुन्या कागदाला मागून नवा कागद चिकटवलेला असेल तर चमक त्या नव्या कागदाची असू शकते. म्हणून पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी तपासा.

पत्र्याच्या खुणा

तांब्याच्या पत्र्यावर रेषा खोल कोरलेल्या असतात. शाई त्या खाचांत भरते, पृष्ठभाग पुसून घेतात, ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांमधून जोरात दाबतात. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. यातून तीन खुणा उरतात.

पहिली, पत्र्याच्या कडेचा दाब. नकाशाभोवती चौकोनी खोलगट रेषा असते आणि तिचे कोपरे थोडे गोलसर असतात, कारण कागद फाटू नये म्हणून पत्र्याच्या कडा घासून उतरत्या केलेल्या असत. या चौकोनाच्या आत कागद किंचित करडा आणि बाहेर उजळ दिसतो, कारण पुसल्यावरही पत्र्यावर शाईचा पातळ थर राहतो. नकली प्रतींवर हा दाब नंतर कोऱ्या साच्यानं उमटवतात. तिथे रेषा असते, आत-बाहेरच्या छटेतला फरक नसतो. समासच कापून टाकला असेल तर ही खूण मिळणार नाही आणि पुढच्या दोन खुणांवर भिस्त ठेवावी लागेल.

दुसरी, शाईचा उठाव. बॅटरी कागदाला जवळजवळ समांतर, अगदी तिरकी धरा. जाड अक्षरं आणि चौकटीच्या रेषा कागदावर उभ्या राहिलेल्या दिसतात. शीर्षकातलं मोठं अक्षर भिंगातून पाहा. नकाशा पूर्वी पाणी देऊन दाबून सपाट केला असेल किंवा कापडावर चिकटवला असेल तर उठाव कमी होतो, पण जाड अक्षरांत थोडा तरी उरतो.

तिसरी, रेषेचं टोक. कोरणीच्या हत्यारानं केलेली रेषा निमुळती होत टोकदार संपते. भिंगाखाली त्याऐवजी रंगीत किंवा करड्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई आहे, आणखी काही पाहायची गरज नाही. ठिपके नाहीत, पण शाई पूर्ण सपाट आणि रेषांची टोकं बोथट असतील, तर शिळाछापाची नक्कल आहे. हीच सर्वांत फसवी, कारण 'ठिपके नाहीत म्हणजे अस्सल' असा समज रूढ आहे.

पत्रा किती झिजला हेही इथेच पाहून घ्या. तांबं मऊ असतं. हजार-दोन हजार प्रती निघाल्या की आधी डोंगरउतारांच्या बारीक रेषा आणि खोलीचे छोटे आकडे फिके पडतात, जाड अक्षरं शेवटपर्यंत टिकतात. डोंगर धूसर आणि शीर्षक ठळक अशी प्रत उशिराची समजावी. पत्र्यावर दुरुस्ती करायची तर जुनी खाच खरवडून, मागून ठोकून, घासून सपाट करत आणि वर नवं कोरत. ही सफाई कधीच शंभर टक्के होत नाही. भिंगाखाली नव्या अक्षरांमागे जुन्या अक्षरांची फिकी सावली दिसते. तारीख, शिक्का आणि किंमत या तीन जागा त्यासाठी बोटभर क्षेत्र घेऊन नीट पाहा.

मोठा नकाशा की छोटा

नौदलासाठी बेलँनं केलेले मोठे नकाशे 'इद्रोग्राफी फ्रांस्वाझ' या संग्रहात एकत्र केले गेले. त्यांतल्या पुष्कळशा पूर्ण पानी नकाशांचा आकार साधारण ५५ ते ६० बाय ८५ ते ९० सेंटीमीटर असतो. शीर्षकात देपोचं नाव, 'राजाच्या जहाजांच्या सेवेसाठी' हा मजकूर आणि तत्कालीन मंत्र्याचा उल्लेख येतो. १७६१ ते १७६६ या काळात नौदलमंत्री ड्यूक द श्वाझल होता, म्हणून १७६३च्या नकाशावर त्याचंच नाव जुळतं. या मालिकेतल्या नकाशांवर देपोचा छोटा शिक्का आणि खाली कोपऱ्यात 'तीस सोल' ही किंमत कोरलेली आढळते. वीस सोलचा एक लिव्र, म्हणजे किंमत दीड लिव्र. फ्रँक हे चलन १७९५मध्ये आलं, तेव्हा किंमत फ्रँकमध्ये असलेली कोणतीही प्रत त्यानंतरची. राजाचा उल्लेख खरवडलेला दिसला तर छपाई क्रांतीनंतरची धरावी.

छोटा नकाशा १७६४च्या 'ल पती अत्लास मारितीम' या पाच खंडांच्या संग्रहातून येतो. त्यात सुमारे ५८० नकाशे आहेत, आणि आशिया व आफ्रिका तिसऱ्या खंडात आहेत. आकार साधारण २२ बाय १७ सेंटीमीटर. वरच्या कोपऱ्यात खंडाचा आणि नकाशाचा क्रमांक कोरलेला असतो. विक्रेते कधीकधी हा क्रमांक माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, लपवतात आणि नकाशा '१७६३चा मूळ' म्हणून दाखवतात. माउंट उचलून पाहण्याचा आग्रह धरा.

तिसरी शाखा म्हणजे फ्रेंच लेखक आबे प्रेव्होच्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहासाठी १७४६पासून बेलँनं केलेले नकाशे. त्यांच्या डच आवृत्तीत याकोब फान डर स्क्लेय यानं ते नव्यानं कोरले, आणि लाइपझिगला जर्मन आवृत्तीही निघाली. शीर्षक दोन भाषांत असेल किंवा कोरणाऱ्याचं नाव वेगळं असेल, तर तुमच्याकडे या शाखेतलं पान आहे. तीही अठराव्या शतकातलीच खरी छपाई आहे, फक्त पत्रा वेगळा.

ओळख पक्की करायला फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संकेतस्थळावर बेलँचे नकाशे मोठ्या आकारात मोफत पाहता येतात. पूर्ण नकाशा शेजारी ठेवून तुलना करू नका, त्यातून काही हाती लागत नाही. पाच छोट्या जागा निवडा: शीर्षकाचा एक कोपरा, मोजपट्टी, एक आकडा, दिशाचक्राचं टोक आणि किनाऱ्याचं एक वळण. अक्षराचा एखादा फाटा जरी वेगळा असला तरी पत्रा वेगळा. दोन हातांनी कोरलेल्या रेषा कधीच एकसारख्या नसतात.

रेखांश कुठून मोजला आहे

नकाशाच्या चौकटीवरचे अंश वाचा. बेटाची राजधानी पोर्ट लुई आजच्या ग्रिनिचच्या हिशेबानं सुमारे ५७ अंश ३० मिनिटं पूर्वेला आहे. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटांवर आहे. तेव्हा पॅरिसपासून मोजलं तर पोर्ट लुई साधारण ५५ अंश १० मिनिटांवर यायला हवं. कॅनरी बेटांतल्या फेरो बेटापासूनचा रेखांश पॅरिसच्या पश्चिमेला बरोबर २० अंश धरला जाई, म्हणून त्या हिशेबानं ७५ अंश १० मिनिटं. चौकटीवर ५५च्या आसपासचा आकडा असेल तर पॅरिस, ७५च्या आसपास असेल तर फेरो. काही फ्रेंच सागरी नकाशांवर दोन्ही मोजण्या वर आणि खाली वेगळ्या दिलेल्या असतात, त्यामुळे चारही बाजू वाचा. डच नकाशांत तेनेरीफचं शिखरही शून्य धरलेलं असतं आणि तो आकडा ७४च्या जवळ येतो. फेरोशी त्याची गल्लत सहज होते.

अक्षांशाला हा घोळ नाही. पोर्ट लुई २० अंश १० मिनिटं दक्षिण, तेव्हाही आणि आताही. नकाशावर अक्षांशात दहा मिनिटांपेक्षा जास्त चूक असेल तर तो नकाशा लाकायच्या मोजणीआधीच्या माहितीवरचा असण्याचा संभव मोठा.

मोजून पाहणे

हा भाग कष्टाचा आहे, पण नकाशाशी खरी ओळख इथेच होते. आधी एककं. फ्रेंच त्वाझ म्हणजे १.९४९ मीटर, म्हणजे सहा फ्रेंच फूट. फ्रेंच फूट ३२.४८ सेंटीमीटरचा, इंग्रजी फुटापेक्षा मोठा. सागरी लीग म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा विसावा भाग, ५.५५६ किलोमीटर. जमिनीवरची एक लीग अंशाचा पंचविसावा भाग, ४.४४४ किलोमीटर. समुद्राची खोली बहुधा पाच फ्रेंच फुटांच्या ब्रासमध्ये देत, म्हणजे १.६२ मीटर. हा आकडा इंग्रजी फॅदम समजून वाचला तर खोली सुमारे १३ टक्के जास्त येते.

प्रमाण काढायला मोजपट्टीपेक्षा बाजूची अक्षांशाची चौकट भरवशाची. या अक्षांशावर दहा मिनिटं म्हणजे १८.४५ किलोमीटर. समजा कागदावर ते अंतर १५ सेंटीमीटर भरलं, तर १८,४५,००० सेंटीमीटरला १५ने भागा. प्रमाण आलं १ : १,२३,०००. हीच मोजणी डाव्या आणि उजव्या दोन्ही चौकटींवर करा, मग छापील मोजपट्टीवरून तेच प्रमाण काढून ताडून पाहा.

आकडे थोडे जुळणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. कागद ओला करून छापला जाई आणि वाळताना आक्रसे, तोही उभा आणि आडवा सारखा नाही. एक-दोन टक्के फरक नेहमीचा, म्हणजे ८८ सेंटीमीटरच्या बाजूवर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरही. एवढ्या फरकावरून कोणतीही प्रत बाद ठरवू नका. उलट दोन्ही दिशांना अगदी एकाच प्रमाणात, आणि चार-पाच टक्क्यांहून जास्त लहान असेल, तर छायाचित्रावरून लहान करून छापलेली प्रत असू शकते.

आता लाकायचे आकडे वापरा. त्यानं बेटाची लांबी ३१,८९० त्वाझ आणि रुंदी २२,१२४ त्वाझ दिली आहे. म्हणजे ६२.२ आणि ४३.१ किलोमीटर. परिघ ९०,६६८ त्वाझ, म्हणजे १७६.७ किलोमीटर. आज मॉरिशसच्या किनाऱ्याची लांबी १७७ किलोमीटर दिली जाते. क्षेत्रफळ त्यानं ४,३२,६८० आर्पां काढलं. तिथला एक आर्पां ४,२२१ चौरस मीटरचा, आणि हे एकक मॉरिशसमध्ये जमिनीच्या व्यवहारात आजही चालतं. गुणाकार केला तर १,८२६ चौरस किलोमीटर येतात. आजचा आकडा १,८६५. नऊ-दहा महिन्यांच्या मुक्कामात, जंगलानं भरलेल्या डोंगराळ बेटावर, कोनमापक आणि साखळी घेऊन केलेली ही मोजणी जवळजवळ दोन टक्क्यांच्या आत आहे. तुमच्या नकाशावर बेटाची लांबी आणि रुंदी मोजून त्यांचं गुणोत्तर काढा. ते १.४४च्या जवळ आलं तर बाह्यरेषा लाकायच्या घराण्यातली. बेट फार गोल किंवा फार लांबट असेल तर ती आधीच्या नकाशांची परंपरा.

नावांवरून काळ

इथे राजकारणानं मोठी मदत केली आहे. शेजारचं बूर्बां बेट १७९३मध्ये 'रेयुनियों' झालं, १८०६मध्ये 'बोनापार्त', १८१०मध्ये इंग्रजांनी पुन्हा 'बूर्बां' केलं, आणि १८४८पासून ते परत रेयुनियों आहे. पोर्ट लुई १८०६ ते १८१० 'पोर नापोलेओं' होतं आणि त्याच काळात आग्नेयेचं मोठं बंदर 'पोर एम्पेरियाल' म्हटलं जाई. म्हणून नेपोलियनचं नाव दिसलं की काळ चार वर्षांत अडकतो. पोर्ट लुईचं 'वायव्य बंदर' या अर्थाचं नाव मात्र एकटं निर्णायक धरू नका. ते गव्हर्नर ला बुर्दोनेच्या आधीच्या काळातही होतं आणि क्रांतीच्या काळात परत वापरात आलं. माएबूर हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसलं, त्यामुळे ते असलेला नकाशा १७६३चा नव्हे. पाम्प्लमूस, मोका, फ्लाक, प्लेन विल्हेम्स ही नावं मात्र अठराव्या शतकापासून टिकून आहेत. त्यांवरून काळ ठरत नाही.

मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज या नकाशात पूर्वजांचे उसाचे मळे शोधायला जातात. ते इथे मिळणार नाहीत. भारतातून गिरमिटियांची मोठी भरती १८३४नंतर सुरू झाली. मळ्यांची नावं हवी असतील तर १८८०चा देकुबचा नकाशा पाहावा. बेलँच्या नकाशातून तेव्हाचा किनारा, बंदरं आणि नद्या समजतील.

रंग

देपोचे सागरी नकाशे जहाजावरच्या कामासाठी होते आणि ते बहुतेक बिनरंगी विकले जात. रंगीत प्रत दिसली तर रंग नंतरचा असेल असं धरून सुरुवात करा. जुना हिरवा रंग तांब्याच्या क्षारांचा असतो, तो कागद हळूहळू खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी डाग पडतो. मागे काहीच नसेल आणि पुढे हिरवा ताजा असेल तर रंग अलीकडचा. आणखी खात्रीची खूण घडीवर मिळते. घडी पडून कागदाचे तंतू तुटल्यानंतर रंग दिला असेल तर तो त्या चिरेत जास्त मुरून गडद रेघ उमटते. बिनरंगी स्वच्छ प्रत रंगवलेल्या प्रतीपेक्षा कमी आकर्षक वाटते, पण अभ्यासाला आणि संग्रहाला तीच चांगली.

जपणूक

सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन, या तिघांनी वाळवीपेक्षा जास्त जुने नकाशे खराब केले असतील. टेपचा चिकटा कागदात उतरून पिवळा पारदर्शक डाग होतो आणि तो पुरता निघत नाही. फाट जोडायची तर जपानी कागदाची फाडलेली, कापलेली नव्हे, अशी पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरतात, कारण ती पाण्यानं परत सुटते. तपकिरी ठिपके घालवायला घरी ब्लीच वापरू नका. ठिपके जातात, पण चिंध्यांच्या कागदाची ताकदही जाते. हातानं लिहिलेली शाई किंवा हिरवा रंग असलेला नकाशा पाण्यात घालणं तर पूर्ण वर्ज्य.

ठेवायची सर्वांत चांगली पद्धत म्हणजे सपाट, आम्लरहित फोल्डरमध्ये, उथळ कप्प्यात. गुंडाळणं टाळता येत नसेल तर किमान १० सेंटीमीटर व्यासाच्या नळीच्या बाहेरून, आम्लरहित कागद मध्ये घालून गुंडाळा. नळीच्या आत सारू नका, काढताना कडा फाटतात. पॉलिस्टरचं पारदर्शक पाकीट चालतं, पीव्हीसीचं चालत नाही. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. कमी-जास्त होत राहणं एखाद्या स्थिर आकड्यापेक्षा जास्त घातक, कारण कागद फुगतो आणि आक्रसतो आणि घड्यांवर तुटतो.

फ्रेम करायची तर माउंट आणि मागचा पुठ्ठा दोन्ही आम्लरहित घ्या. नकाशा वरच्या कडेला जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी टांगा. छोट्याला दोन, ९० सेंटीमीटर रुंदीच्या मोठ्याला चार. खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे हवामानाबरोबर कागद हलू शकेल. काच आणि कागद यांत किमान तीन-चार मिलिमीटर अंतर हवं. अतिनील किरण अडवणारी काच घ्या, तरीही सूर्यप्रकाश येणारी भिंत टाळा. उजेड ५० लक्सच्या आसपास पुरे.

शेवटी नोंद. मागच्या बाजूला काही लिहू नका. वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहा: पत्र्याच्या दाबाची लांबी-रुंदी, छापील चौकटीची लांबी-रुंदी, साखळी रेषांची अंतरं, जलचिन्हाचं रेखाटन, शिक्का आणि किंमतीचा मजकूर, रेखांश कुठून, काढलेलं प्रमाण, रंगाबद्दलचं निरीक्षण, फाटी आणि दुरुस्त्या. सोबत लाइट-पॅडवरचा एक, तिरक्या प्रकाशातला एक आणि मागच्या बाजूचा एक असे फोटो जोडा. कर्त्यांच्या रकान्यात 'बेलँ (रचना), लाकाय (मोजणी)' अशी दोन्ही नावं लिहा आणि सालाच्या रकान्यात पत्रा कोरल्याचं साल आणि छपाईचा अंदाजे काळ वेगवेगळे लिहा.